कळसूबाईची वाट वाहून चाललीय, घटस्थापनेआधीचे दोन रविवार द्या

मंडळी, राम राम. आम्ही बारीतली पोरं, म्हणजे कळसूबाईच्या पायथ्याचीच. वर जाऊन आला असाल तर शिड्या लक्षात असतीलच, सगळ्यांचे फोटो तिथलेच असतात. पण बोंब शिड्यांची नाहीये, दोन शिड्यांच्या मधे जो मुरमाचा उतार लागतो ना, त्याची आहे.

हा डोंगर म्हणजे थरावर थर. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, त्यातल्या थराचं पोट घट्ट काळं असतं, ते सरळ तुटतं म्हणून कडा होतो आणि शिडी लावावी लागते, आणि थराचा वरचा भाग बुडबुड्यांच्या भोकांचा, ठिसूळ, त्याचाच मुरूम होतो अन् वाट नेमकी त्यावरून जाते. (भूगर्भवाल्यांनी दख्खनच्या सगळ्यात खालच्या थरांच्या गटाला कळसूबाईचंच नाव दिलंय, आम्हाला हे कळलं तेव्हा जाम भारी वाटलं होतं.)

आता झालंय काय, की गर्दीत लोक वळणावरून न जाता सरळ शॉर्टकट मारतात, तिथलं गवत मरतं, मग पावसाचं पाणी तीच लाईन पकडतं. सुरुवातीला बोटभर चर होता, आता एका ठिकाणी माणूस मांडीपर्यंत आत जातो. मागच्या नवरात्रात एक आजी ओटीचं ताट पदराखाली धरून त्या घसाऱ्यावर बसूनच खाली सरकत आल्या, नारळ तेवढा गडगडत पुढे गेला. आजी हसत होत्या, आमची मात्र फाटली होती.

काम साधं आहे पण कष्टाचं. वाटेत तिरके दगड पुरायचे म्हणजे पाणी बाजूला फुटतं, आणि शॉर्टकटच्या तोंडाशी दगड रचून ते बंद करायचे. पायऱ्या नंतर, आधी पाणी वळवायचं, नाहीतर पहिल्याच पावसात सगळं खाली. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, त्यामुळे सिमेंट नाही, नवी वाट फोडणं नाही, आणि वनखात्याने हो म्हटलेल्या जागीच हात लावायचा.

१६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर म्हणून तुम्ही येताच, तर यावेळी शिखरावर नाही गेलात तरी चालेल, अर्ध्या वाटेवर चार तास दगड वाहा. सकाळी सातला पायथ्याशी जमू. मुंबई-नाशिककडून येणाऱ्यांनी घोटीला उतरून भंडारदरा रोडची गाडी पकडा. चांगल्या ग्रिपचे बूट, रेनकोट आणि पाणी ज्याचं त्याने आणायचं, जेवण आमच्याकडे.

येणं जमत नसेल तर पहारी, टिकाव, घमेली, जाड हातमोजे पाठवा, वापरलेले असले तरी चालतील. रोख पैसे सध्या नकोत, हिशोब ठेवायला माणूस नाही आमच्याकडे. आणि पाऊस फारच लागला तर त्या दिवशी काम रद्द, ओल्या कातळावर कुणाला चढवणार नाही आम्ही.