तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

तुम्हाला तोंडावर आभार मानलेले चालत नाहीत. मागे एकदा प्रयत्न केला तर "चहा गार होतोय" म्हणून तुम्ही विषय मोडून टाकलात. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत. समोर आलेलं काहीही तुम्ही चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, त्यामुळे तुमची सुटका नाही.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या साफसफाईची. "काचेच्या कपाटाला तू हात लावू नकोस, मी करतो," असं आईला बजावून मीच कपाट रिकामं करायला घेतलं, आणि त्यातला माझ्या संग्रहातला एक खेळण्यातला रोबो मीच पाडला. वीतभर उंचीचा, पंख उघडले की हातभर रुंद. आतला सांगाडा जस्ताचा, वरचं चिलखत प्लास्टिकचं. रंगवून, जोडून, खोक्यात झोपवून थेट जपानहून आलेला. घोट्याची खुंटी कडकन मोडली. किंमत बावीस हजार. आईला तेव्हा बाविसशे सांगितली होती. (आई हे वाचणारच आहे. असो.)

घड्याळवाल्याने हात वर केले. खोकं छातीशी धरून लिफ्टमध्ये उभा होतो, तेव्हा तुम्ही विचारलंत, "काय रे, काय मोडलं?" तोवर तुमची-माझी ओळख पाण्याच्या टँकरवरून झालेल्या भांडणापुरती. भोसरीच्या टूलरूममध्ये तुमचा जन्म साचे करण्यात गेला, हे मला ठाऊकच नव्हतं.

तुमच्या गॅलरीतलं ते टेबल: एका कडेला छोटा वाइस, वाकड्या मानेचा दिवा, आणि कानशी लहान-मोठ्या अशा ओळीने लावलेल्या. पहिला प्रश्न, "फेव्हिक्विक लावलंस?" म्हटलं, अजून नाही. "देव पावला." त्याच्या वाफेने आजूबाजूचा रंग पांढरा धुरकट होतो, हे मला त्या दिवशी कळलं. मग तुम्ही पिन व्हाइसमध्ये एक मिलीमीटरचं ड्रिल धरून मोडक्या खुंटीत दोन बोटांनी फिरवत भोक पाडलंत. समोरच्या तुकड्यात भोक नेमकं कुठे यायला हवं? तुम्ही खुंटीच्या तोंडाला निळा रंग जरासा फासलात, दोन्ही तुकडे एकमेकांवर टेकवले आणि उचलले. पलीकडे निळी गोल कडा उमटली, मधे भोकाएवढी जागा कोरी. "साच्याचे दोन भाग नीट बसतात का, ते असंच बघतात," एवढंच म्हणालात. पितळी तारेचा तुकडा, टिपूसभर अराल्डाइट, आणि चोवीस तास हात न लावण्याची ताकीद.

दुसऱ्या दिवशी तो उभा राहिला. आभार खरं तर एवढ्याचेच मानायचे होते. पण तुम्ही तो परत देईचनात. भिंगाखाली धरून फिरवत बसलात. "ही अक्षरं पॅड प्रिंटिंगची, मऊ ठशाने उमटवलेली. हा रंग हाताने मारलाय, कडेला बघ. आणि हे झमॅक, जस्ताचा मिश्रधातू. दाराची हँडलं ज्याची करतात तेच." मी जरा खट्टू झालो. या खेळण्यांच्या दुनियेत त्या धातूला चोगोकिन म्हणतात, म्हणजे महामिश्रधातू! माझिंगर झेड नावाच्या कार्टूनमधल्या रोबोचं अंग त्या काल्पनिक धातूचं. १९७४ साली पोपी या कंपनीने त्याचं जस्ताचं खेळणं काढलं आणि नावही तेच ठेवलं. लहानपणी ज्यांनी ते हाताळलं ते मोठे झाले, खिशात पैसे आले, आणि १९९७ पासून त्यांच्यासाठी सोल ऑफ चोगोकिन ही महागडी मालिका निघाली. मी हे सगळं रंगवून सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "बरं, यातलं तू काय केलंस?"

टोमणा नव्हता, हे आता कळतं. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "विकत घेतलं."

किटवाल्यांबद्दल, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडणाऱ्यांबद्दल, तोवर माझं मत स्पष्ट होतं. आयतं, घोटीव, रंगवलेलं मिळत असताना चार रविवार पॉलिश पेपर घासत बसणारी माणसं म्हणजे रिकामटेकडी. गंमत अशी की ज्या गुंडाम या जपानी रोबो-कार्टूनच्या नादाने मी हे सगळं गोळा करतो, त्याला किटनेच तारलं. १९७९ साली ती मालिका जपानी टीव्हीवर आली तेव्हा प्रायोजक होती क्लोव्हर, तयार खेळणी करणारी कंपनी. मालिका फारशी कुणी बघेना, खेळणीही अपेक्षेइतकी खपेनात. ५२ भागांची मालिका ४३ भागांत आटोपली. मग जुलै १९८० मध्ये बान्दाई या कंपनीने १/१४४ मापाचं, म्हणजे गोष्टीतल्या रोबोच्या १४४ पट लहान, किट काढलं, ३०० येनांना. पांढरं प्लास्टिक, डिंक तुम्ही लावा, रंग तुम्ही द्या. त्यावर पोरं तुटून पडली. हे मला पाठ होतं, तरी किट कधी हातात धरलं नव्हतं.

तुमच्या त्या प्रश्नानंतर मागवलं. २०१० साली निघालेलं, बान्दाईच्या रिअल ग्रेड या मालिकेतलं पहिलं किट, तोच जुना गुंडाम, तेच १/१४४ माप. जपानात अडीच हजार येन. इथे येईस्तोवर किती झाले ते सांगत नाही. २०२० च्या बजेटात खेळण्यांवरची आयात ड्यूटी २० वरून ६० टक्क्यांवर गेली, तेव्हापासून आम्ही लोक किमती हळू आवाजात बोलतो.

खोकं मी तुमच्याकडेच उघडलं. मी चित्रांची पुस्तिका चाळत होतो; तुम्ही तिच्याकडे बघितलंही नाहीत. रनरची, म्हणजे सुटे भाग जिला चिकटून येतात ती प्लास्टिकची चौकट दिव्यासमोर धरलीत, नातवाचा एक्स-रे धरावा तशी. किती वेळ काही बोलला नाहीत. मग एकदम, "ही डाय कुणी केली?" डाय म्हणजे साचा.

तुम्ही बोट ठेवून दाखवलंत ते मी एरवी जन्मात बघितलं नसतं. एकाच चौकटीत चार रंगांचं प्लास्टिक, कुठेही एकमेकांत सांडलेलं नाही. साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे गोल ठसे सगळे आतल्या बाजूला, जोडल्यावर दिसणार नाहीत असे. पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग मिळतात तिथली रेघ, चिलखताच्या कडेवर अशी नेलेली की ती डिझाइनमधलीच रेघ वाटावी. फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेलं जादा प्लास्टिक, कुठेच नाही. त्यासाठी तर तुम्ही नख फिरवून पाहिलंत. चौकटीवर नखाएवढ्या अक्षरांत पीएस, एबीएस, पीई अशी प्लास्टिकची नावं लिहिलेली वाचून तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "बघ, कुठे काय ओतलंय ते लिहून ठेवलंय. शहाणी माणसं आहेत."

आणि मग तो पाय. सांगाड्याचा अख्खा पाय त्या चौकटीत एका तुकड्यात आला होता. तुम्ही निप्परने अलगद सोडवलात, गुडघ्याशी धरलात, आणि तो वाकला. घोटाही वाकला. आपण तर काहीच जोडलं नव्हतं! साच्यातूनच हलते सांधे घेऊन बाहेर आलेला: एक प्लास्टिक आधी, दुसरं त्याच्यावर, आणि दोन्ही एकमेकांना चिकटत नाहीत अशी निवडलेली. तुम्ही तो पाय कितीदा दुमडला आणि उलगडला असेल! काकूंनी आतून जेवायला हाक मारली, पुन्हा मारली. शेवटी तुम्ही तो पाय शर्टाच्या खिशात घालून पानावर बसलात.

मी तुम्हाला जपानातल्या शिझुओका शहराबद्दल सांगितलं ते त्याच रात्री. २००६ पासून बान्दाईचं हॉबी सेंटर तिथे आहे. डिझाइन, साचा, ओतकाम सगळं एका छपराखाली. टामिया, आओशिमा, फुजिमी या किट करणाऱ्या कंपन्याही त्याच गावच्या. आणि टामिया म्हणजे मुळात लाकडाची वखार, हे ऐकून तुम्ही खूश झालात. "म्हणजे आधी कानस, मग मशीन," म्हणालात.

पुढचे आठ रविवार मी तुमच्याकडे होतो. गेट, म्हणजे भाग चौकटीला जोडणारा देठ, एका दमात कापायचा नाही, आधी लांबून, मग जवळून. घासायचं ते चारशेपासून हजारपर्यंत पेपर बदलत, आणि दर वेळी दिशा बदलून. सांगाड्याच्या खाचांमधून मी थिनरमध्ये पातळ केलेल्या इनॅमल रंगाची काळी रेघ सोडायला निघालो तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. "ताणात बसलेल्या एबीएसला थिनर दाखवू नकोस, तडकेल." ज्या गोष्टीत लोकांच्या किटचे गुडघे आणि खांदे फुटतात ती तुम्हाला गुंडाम न बघता माहीत होती. एकदाच मी तुमचं ऐकलं नाही. भर जुलैत, गॅलरीबाहेर पाऊस धो धो पडत असताना, किटच्या छातीवर मॅट कोट, म्हणजे चमक घालवणारा थर, फवारला. दमट हवेत तो पांढरा पडला, भाकरीला पीठ लागावं तसा. तुम्ही "दसऱ्यापर्यंत थांब" म्हणाला होतात. थांबलो नाही.

पूर्ण झाल्यावर तुम्ही व्हर्नियर लावलात. २००९ मध्ये टोकियोतल्या ओदाइबाला गुंडामचा पूर्ण मापाचा पुतळा उभारला होता, तो अठरा मीटरचा. भागिले १४४, साडेबारा सेंटीमीटर. "पास," म्हणालात, आणि वर लगेच, "पण रंग त्या महागड्यासारखा तुला कधी जमायचा नाही." खरं आहे. त्या किटच्या हाताचे पंजे अजूनही नुसत्या फुंकरीने पडतात, आणि तयार फिगर मी कसाही उचलतो, मला त्याची काळजी नसते. मी किटवाला झालेलो नाही, काका. फिगर घेणं सोडलेलं नाही, फक्त कमी केलंय. पण आता नवीन खोकं आलं की आधी उलटं करून गेटची खूण शोधतो, रंगाची कड भिंगाखाली बघतो, आणि हे कुणीतरी एका पाळीत बसून केलंय याची आठवण येते. कपाटात ज्या बारा मूर्ती नुसत्या उभ्या होत्या त्या मला वाचता यायला लागल्या. आभार आहेत ते याचे. घोट्याचे वेगळे.

त्या किटची रिकामी चौकट तुमच्या गॅलरीत खिळ्याला टांगलेली दिसते. ती मी परत मागणार नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला "ही डाय बघा" म्हणून तुम्ही ती दाखवता, असं काकू सांगत होत्या. तुमचा पिन व्हाइस मात्र माझ्याकडेच राहिलाय, मार्चपासून. तुम्ही विचारला नाहीत, मी दिला नाही. दसऱ्याला आणून देतो. येताना एक खोकं पण आणतोय, या वेळी १/१००. पाय एका तुकड्यात नाही, आधीच सांगून ठेवतो.

तुमचा,
चौथ्या मजल्यावरचा