काजव्यांच्या हंगामात रात्रीच्या गाड्या थांबवा : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. मेअखेरीस रोहिणीच्या सरी आल्या की भंडारदरा धरणाभोवती मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, रतनवाडी या भागातली झाडे काजव्यांनी लखलखू लागतात. मृगाचा पाऊस जोर धरेपर्यंत हे चालते. नेमक्या याच दिवसांत, विशेषतः शनिवार-रविवारी, तिथल्या अरुंद रस्त्यांवर गाड्यांची रीघ लागते. आमची मुख्य मागणी एकच आहे: या हंगामात सूर्यास्तानंतर पर्यटकांच्या खासगी गाड्या अभयारण्यात सोडू नयेत.

काजव्याचा उजेड ही नर-मादीची खूण आहे. नर ठरावीक लयीत चमकत उडतो आणि मादी गवतातून किंवा खालच्या पाल्यातून उत्तर देते. एखाद्या हिरड्यावर किंवा सादड्यावर हजारो काजवे एका तालात उघडमीट करत असताना वळणावरून हेडलाइटचा झोत आला, की झाड विझते. लय पुन्हा जमते न जमते तोच पुढची गाडी येते. थांबलेल्या गाडीचे लुकलुकणारे पिवळे इंडिकेटर तर आणखी घातक, कारण त्यांचा रंग आणि लुकलुक दोन्ही काजव्यांच्या खुणेत मिसळतात. प्रौढ काजव्याचे आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचे असते. तेवढ्यात मीलन हुकले तर पुढच्या वर्षीची अंडी कमी.

त्यात भर गाडी वळवण्याची. रस्ता अरुंद असल्याने चाके साइडपट्टीच्या गवतात उतरतात आणि माद्या तिथेच असतात. झाडाच्या अगदी बुंध्यापर्यंत जाणारे लोकही तेच गवत तुडवतात. अंडी ओल्या मातीत घातली जातात. अळ्या पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढतात आणि वर्षातला बहुतेक काळ तिथेच काढतात. म्हणून उन्हाळ्यात वणवा लागून पाचोळा जळाला, किंवा तंबूंच्या आवारात डासांसाठी कीटकनाशकाची फवारणी झाली, तर नुकसान जूनमध्ये दिसते आणि कारण मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

उपाय अवघड नाहीत. गाड्या धरणाजवळच्या शेंडी गावातच उभ्या कराव्यात. तिथून पुढे गावातल्याच जीपगाड्यांनी, ठरावीक फेऱ्यांत, लोकांना न्यावे. जीप झाडांपासून दूर थांबवून दिवे आणि इंजिन बंद करावे. उरलेले अंतर दोरी लावलेल्या पायवाटेने, गावच्या वाटाड्यासोबत, लहान गटात चालावे. टॉर्चवर लाल जिलेटीन कागदाचे दोन पदर लावले तर पायाखालचे दिसते आणि काजव्यांना त्रास कमी होतो, कारण लाल उजेड त्यांच्या डोळ्यांना फारसा जाणवत नाही. मोबाइलचा फ्लॅश मात्र पूर्ण बंद. तंबूवाल्यांचे फ्लडलाइट आणि लाउडस्पीकर या काळात बंद ठेवण्याची अट परवानगीतच घालावी. गावकरी, रुग्णवाहिका आणि एसटी यांना अर्थातच सूट हवी.

यासाठी नवा कायदा लागत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार पर्यटकांचा प्रवेश परवान्यावरच होतो आणि परवान्याला अटी घालता येतात. जीपभाडे आणि वाटाड्याचे मानधन गावातच राहिले, तर अंधार राखण्यात गावालाही रस राहील. आदिवासी कुटुंबांना या हंगामात चार पैसे मिळतात, ते तोडून काजवे वाचवा असे आमचे मुळीच म्हणणे नाही. रात्री रस्ता मोकळा राहिला तर बिबट्या, उदमांजर, भेकर यांनाही तो निर्धास्त ओलांडता येईल.

आदेश एप्रिलअखेरपर्यंत निघावा. मे उजाडला की तंबूंची बुकिंग झालेली असतात, आगाऊ पैसे घेतलेले असतात आणि नाक्यावरच्या वनरक्षकाला एकट्याने गर्दीशी वाद घालत उभे राहावे लागते.

आपले,
भंडारदरा परिसरातील निसर्ग अभ्यासक