पाळण्याचं बारसं

पुणे, रविवार

प्रिय बाळ्या,

मोटरसायकलच्या हँडलवर स्क्रीन धरायला तू थ्रीडी प्रिंटरवर छापून एसटीने पाठवलेली काळी प्लेट वाकली. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं पत्र मोकळेपणाने लिहिता येईल. एप्रिलच्या उन्हात गाडी तासभर उभी होती आणि परत आलो तर स्क्रीन मान टाकून टाकीकडे बघत होती. पीएलए, म्हणजे तिचं ते प्लास्टिक, साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, हे तुला माहीत असणार. मला वाकल्यावर कळलं. त्यात रंग काळा, आणि तो तूच निवडलास.

पण सुरुवातीपासून सांगतो. सेकंडहँड हिमालयन मोटरसायकल घेतली तेव्हा हँडलवर एक रिकामं क्रेडल होतं. क्रेडल म्हणजे पाळणाच, आणि आमच्याकडे सगळे त्याला पाळणाच म्हणतात. त्यात बसणारं जुनं जीपीएस यंत्र आधीच्या मालकाने गाडीसोबत फुकट दिलं, कारण त्याची बॅटरी फुगून काच वर आली होती. यंत्र मेलेलं, पाळणा मात्र जिवंत. टाकी उचलून वायरिंग पाहिलं आणि त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडले. बॅटरीपासून फ्यूज, मग इग्निशनवर चालणारा रिले, प्रत्येक जोडावर हीटश्रिंक, फ्रेमच्या कडेने कुठेही न घासणारी नळी. चावी बंद केली की पाळण्यातली वीजही बंद, म्हणजे आठवडाभर गाडी उभी राहिली तरी बॅटरी उतरायची नाही.

मेकॅनिक म्हणाला, "हे काढून टाका साहेब, यूएसबी सॉकेट लावून देतो, अर्ध्या तासाचं काम." मला ते पटेना. चांगलं वायरिंग तोडून त्या जागी घाईचं वायरिंग कशाला? स्क्रीन बदलता येते, वायरिंगचा हार्नेस पुन्हा इतका नीट होत नाही. म्हणून उलटं ठरवलं: पाळण्याला हात लावायचा नाही, नवी स्क्रीनच त्याच्या मापाची करायची.

फोनच का नाही लावला, हे तू विचारशीलच. मोटरसायकलच्या इंजिनाच्या जोरदार कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलनेच २०२१ मध्ये जाहीर केलंय. आणि आमचं चारशे अकरा सीसीचं एक सिलिंडर कसं थरथरतं ते तू मागे बसून अनुभवलंयस. फोन जॅकेटच्या खिशात, हँडलवर त्याचा नकाशा दाखवणारी पाच इंची स्क्रीन.

तर मेलेलं यंत्र उघडलं. फुगलेली बॅटरी आधी जपून वेगळी केली आणि ई-कचऱ्यात दिली. मागचं कवच तेवढं ठेवलं, कारण पाळण्याच्या स्प्रिंगच्या पिना जिथे टेकतात त्या सोनेरी पट्ट्या आणि कुलपाची खाच त्यातच आहेत. मल्टीमीटर लावला: चावी फिरवल्यावर १२.४ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४.१. स्क्रीनला हवेत ५. म्हणजे कवचाच्या पोटात व्होल्टेज उतरवणारा एक बक कन्व्हर्टर हवा. तो तापकीर गल्लीतून आणला. बाकीच्या पिना आवाजाच्या की डेटाच्या, त्यांच्या भानगडीत पडलो नाही. त्यांच्यासमोरच्या पट्ट्यांवर टेप चिकटवला.

मध्ये एक फजिती झाली. स्क्रीन घरी फोनच्या चार्जरला लावली तर ढिम्म. दोन्ही टोकांना टाईप-सी असलेली केबल होती. पैसे बुडाले म्हणून दोन दिवस तोंड पाडून बसलो. मग गंमत कळली: स्क्रीनच्या आत टाईप-सी सॉकेटच्या 'सीसी' नावाच्या पिनांवर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात, ते नसतील तर शहाणा चार्जर वीजच सोडत नाही. बनवणाऱ्याने वाचवले असणार काही पैसे. जुनी, एका टोकाला चपटा यूएसबी असलेली केबल लावली आणि स्क्रीन उजळली. तीच केबल कापून कन्व्हर्टरला डकवली.

तुझ्या प्लेटच्या जागी भोसरीच्या एका लेथवाल्याकडून तीन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची प्लेट करून घेतली. स्क्रीनच्या पाठीला नेहमीची चार भोकं, ३० बाय ३८ मिलिमीटर, त्यामुळे मापाचा घोळ नव्हता. कन्व्हर्टर त्या प्लेटलाच थर्मल पॅडने चिकटवला. दहा वॉट घेणाऱ्या स्क्रीनसाठी तो वॉटभर उष्णता टाकतो, बंद डबीत ती कुठे जाणार? कवच मग प्लेटला स्क्रू आणि इपॉक्सीने पक्कं केलं. फटी बुजवायला सिलिकॉन घेताना मात्र वास घेऊन बघ: व्हिनेगरसारखा आंबट वास असेल तर ते तांबं खातं. न्यूट्रल म्हणून मिळतं ते घ्यायचं. आणि केबल स्क्रीनकडे नेताना आधी खाली वळवून मग वर, म्हणजे पाणी वळणावरूनच टपकून जातं.

पहिली चाचणी ताम्हिणीची. पौडपर्यंत झकास. पुढे रस्त्यावर ते पांढरे खडखडे पट्टे लागले आणि प्रत्येक पट्ट्यानंतर स्क्रीन नव्याने सुरू! पिना क्षणभर सुटत होत्या. नवी स्क्रीन जुन्या यंत्रापेक्षा जड, म्हणून कवच पाळण्यात हलत होतं. मी कपॅसिटर वगैरेचे हिशेब मांडत बसलो होतो, तेवढ्यात बाबा म्हणाले, "सायकलची ट्यूब कापून मागे घाल." पाळणा आणि कवच यांच्यामध्ये ट्यूबची पट्टी ठेवली, कुलूप जरा जोर लावून बसवलं. त्यानंतर मुळशी ते माणगाव एकदाही विझली नाही, पाऊस असूनही. घाटात फोनची रेंज गेली होती, पण नकाशा आधी उतरवून ठेवला होता.

आता एकच राहिलंय. दुपारच्या उन्हात स्क्रीनवर माझाच चेहरा दिसतो. वर छोटं छज्जं हवं. माप कागदावर काढून सोबत पाठवतोय. पण या वेळी एएसए प्लास्टिकमध्ये छाप, त्याला ऊन बाधत नाही. आणि करड्या रंगात.

काकूंना नमस्कार सांग. नाशिकहून येशील तेव्हा भगरीचं पीठ आणायला आईने सांगितलंय.

तुझा,
नाना