शाळेच्या आवारातले घर

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रभूच्या कृपेने आम्ही उभयता नगरला खुशाल आहोत. जावईबापूंना आणि तुला झांबियातील मिशन शाळेची जबाबदारी मिळाल्याचे वाचून तुझ्या आईने आधी प्रार्थना केली आणि मग लगेच माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली. मलावीत शाळा चालवताना आम्ही घर कसे सांभाळले, असे तू विचारले आहेस. या प्रश्नाचे उत्तर मी फार वर्षांपासून तुला देणे लागतो.

आपल्या नगरला मिशनचे लोक बाहेरून येत. सिंथिया फरार बाई १८२७ मध्ये मुंबईला उतरल्या, १८३९ मध्ये नगरला आल्या आणि मुलींना शिकवता शिकवता इथेच वारल्या. त्यांच्या पुण्याईने शिकलेल्या घरातला मी, म्हणून २००० साली आफ्रिकेत जाताना मला आपण जुने ऋण फेडायला निघालो आहोत असे वाटत होते. फरार बाई अविवाहित होत्या, माझ्याबरोबर मात्र अकरा वर्षांची मुलगी होती. हा फरक त्या वेळी माझ्या मनातही आला नाही.

आवारातले आपले घर तुला आठवत असेल. घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत साठ पावले. आंब्याच्या फांदीला ट्रकच्या चाकाची जुनी रिम टांगलेली होती, ती लोखंडी कांबीने वाजवली की शाळा भरे आणि सुटे. शाळा सुटली तरी माझी शाळा सुटत नसे. १९९४ मध्ये मलावी सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत केले आणि वर्षभरात मुलांची संख्या सुमारे १९ लाखांवरून ३० लाखांच्या घरात गेली. पुढे माध्यमिक शाळेत मात्र जागा मोजक्याच होत्या, त्यामुळे प्रवेशाच्या दिवसांत आपल्या ओट्यावर पहाटेपासून आईबाप बसलेले असत. कोणी फीच्या बदली कोंबडी आणलेली असे, कोणी नुसतेच हात जोडलेले असत. त्यातच ती एड्सची वर्षे होती. शिक्षक जात होते, मुले पोरकी होत होती. तशा दोन मुलींची गादी तुझ्या खोलीत घातली, तेव्हा मी तुला विचारले नाही, नुसते सांगितले. तू कुरकुर केली नाहीस आणि महिन्याभरात त्यांच्याकडून तिथली तुंबुका भाषा बोलायलाही शिकलीस. आई ताटात काही वाढायला आली की तू त्यांच्यासारखे ‘येवो’ म्हणून आभार मानायचीस, हे आजही आमच्या कानात आहे. तरीही विचारायला हवे होते.

आता जे लिहायचे आहे ते लिहितो.

२००२ चा फेब्रुवारी होता. पीक एप्रिलमध्ये यायचे आणि घरोघरचा मका डिसेंबरातच संपलेला. सरकारी राखीव साठ्यातला मका आदल्या वर्षापर्यंत विकला गेला होता आणि बाजारातला भाव रोज चढत होता. गावात लोक कोंडा आणि हिरवी कणसे खाऊन दिवस काढत होते. वसतिगृहात तीन दिवसांचे पीठ उरले, तेव्हा मी शाळेचा ट्रक घेऊन म्झुझू शहरात गेलो, रात्र तिथेच काढली आणि तीस पोती मिळवून पहाटे परतलो. घरी न जाता पोती कोठीत उतरवून घेतली आणि तसाच प्रार्थनेला उभा राहिलो. तू उशिरा आलीस. उशिरा येणाऱ्यांनी स्लॅशरने, म्हणजे लांब पात्याच्या हत्याराने, मैदानातले गवत कापायचे, हा नियम मीच केलेला होता. इतरांना अर्धा तास दिला. हेडमास्तरच्या मुलीला सवलत मिळते असे कोणी म्हणू नये म्हणून तुला एक तास. तू ‘हो सर’ म्हणालीस आणि गेलीस. दुपारी स्वयंपाकीणबाईंनी सांगितले की, तुझ्या आईला रात्रभर मलेरियाचा ताप होता आणि तू तिच्या उशाशी बसून होतीस. संध्याकाळी तुझ्या तळहातावर फोड दिसले. मी आयोडीन लावले, पण क्षमा मागितली नाही. आज मागतो.

पौलाने तीमथ्याला लिहिले आहे की, ज्याला आपल्या घराची व्यवस्था ठेवता येत नाही, त्याने मंडळीची काळजी कशी घ्यावी? मी त्या वचनाचा अर्थ शिस्त असा लावला आणि तुला सर्वांहून कडक वागवले, की न्याय झाला, असे समजलो. तो न्याय नव्हता. मला लोकांच्या बोलण्याची भीती वाटत होती आणि त्या भीतीची किंमत तू मोजलीस. म्हणून सांगतो, नातवाच्या चुकीचा निवाडा तुम्ही दोघांनी करू नका. तो त्याच्या वर्गशिक्षकांवर सोपवा. घरात त्याला ‘सर’ म्हणू देऊ नका. संध्याकाळचा एक तास दार लावून घ्या. त्या तासात कोणी दार ठोठावले आणि ताप किंवा मृत्यू यांखेरीज दुसरे काम असेल, तर ते सकाळी पाहू म्हणून सांगा.

त्याला पाचगणीच्या वसतिगृहात ठेवावे का, असेही तू लिहिले आहेस. ठेवू नकोस. आम्हीही तुझ्याबाबत तो विचार केला होता, परंतु आपण बांडावेला गेलो त्या दिवशी तो सोडला. स्कॉटिश लोकांच्या लिव्हिंगस्टोनिया मिशनचे मुख्य ठाणे १८८१ पासून १८९४ पर्यंत तिथे, मलावी सरोवराच्या काठी होते, आणि तापाने गेलेल्या मिशनऱ्यांच्या कबरी वाळूत आहेत. आई तुझा हात धरून तिथे बराच वेळ उभी होती. परतताना एवढेच म्हणाली, “जे व्हायचे ते आपण एकत्र असताना होऊ दे.” तिचे बरोबर होते.

मच्छरदाणी रोज संध्याकाळी अंधार पडण्याआधी सोडा आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्या, उद्यावर टाकू नका. ट्रंकेच्या तळाशी आईने तिचा लोखंडी तवा गोधडीत गुंडाळून ठेवला आहे. तिथल्या पातळ तव्यावर मक्याची भाकरी तुटते, असे ती म्हणते. तव्याचे वजन जास्त भरले, तर माझी पुस्तके काढून ठेव, तवा राहू दे.

तुझे,
पप्पा