चारातली एक तार कमी केलीत, त्याबद्दल

आदरणीय पंडित शिवकुमार शर्मा यांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही 10 मे 2022 रोजी गेलात, म्हणजे हे पत्र उशिराचंच. पण संतूर मांडीवर घेऊन बसणाऱ्या आम्हा सगळ्यांकडे तुमचं बरंच देणं निघतं, आणि ते ‘थोर कलावंत’ वगैरे म्हणून फिटत नाही. तारा, घोड्या (तारा ज्यांवर टेकतात ते लाकडी तुकडे) आणि लाकूड यांचाच हिशेब मांडावा लागतो.

काश्मीरच्या सूफियाना मौसिकीतलं, म्हणजे तिथल्या पारंपरिक सूफी संगीतातलं, संतूर म्हणजे 25 घोड्या, प्रत्येक घोडीवर चार तारा, एकूण 100. एका सुराच्या चार तारा एकदम वाजल्या की गुंजन इतकं राहतं की पुढचा सूर मागच्यात बुडतो. गाण्याच्या साथीला ते खपून जातं. आलापात मात्र सगळा चिखल होतो. तुम्ही घोडीवर तीनच तारा ठेवल्यात, घोड्या 31 पर्यंत नेल्यात, स्वरांची मांडणी क्रोमॅटिक (सप्तकातले बाराही स्वर ओळीने) केलीत आणि तीन सप्तकं हाताखाली आणलीत. तारा नव्वदीच्या घरात आल्या. शिवाय वाद्य तिवईवरून उचलून मांडीवर घेतलंत. तिवईचं लाकूडही सोबत घुमतं, मांडी ते घुमणं पिऊन टाकते. ऐकायला साधी वाटणारी ही गोष्ट आहे, पण तेवढ्यानेच आवाज निम्मा निवळतो. ज्याला पटत नाही त्याने एकदा टेबलावर ठेवून वाजवून पाहावं.

मींडेचा, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरण्याचा, प्रश्न याहून अवघड. संतूरची तार ओढता येत नाही आणि ठोक मारली की सूर लगेच विरायला लागतो. तुम्ही कलम, म्हणजे संतूर वाजवायची लाकडी काडी, तारेवर आपटण्याऐवजी हलकेच थरथरवत नेलंत, शेजारच्या घोडीवर घसरवत. कानाला वाटतं सूर वाहतोय. हे शिकवताना बहुतेकांचं एकाच जागी चुकतं. मनगट आवळलं की कलमाचा दाब वाढतो, तार झणझणते आणि लाकडाची टकटक ऐकू येते. दाब कमी पडला तर दोन ठोकांत फट दिसते. कलम बोटांच्या पेरांवर नुसतं टेकलेलं हवं, मुठीत धरलेलं नको. आवाज कमी करत नेताना ठोकांचा वेग मात्र कमी करायचा नाही, हे कळायलाच वर्ष जातं.

सुरात लावणं हा तर वेगळाच संसार. एका घोडीवरच्या दोन तारा बोटाने दाबून तिसरी तानपुऱ्याशी मिळवायची, मग एकेक मोकळी करून सूर लहरायचा थांबेपर्यंत चावी फिरवायची. आधी मध्य सप्तक, मग वरचं तार सप्तक, शेवटी खालचा खर्ज. इतकं झालं की सुरुवातीला लावलेल्या तारा उतरलेल्या सापडतात, कारण संतूरच्या लाकडी पेटीवरचा एकूण ताण बदललेला असतो. म्हणून दुसरी फेरी लागतेच. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि सूर चढतात. रंगमंचावरच्या तापलेल्या दिव्यांखाली पोलादी तार सैलावते आणि सूर उतरतात. हे सगळं सांभाळून या वाद्यावर तासभर राग मांडता येतो, हे तुम्ही दाखवलंत म्हणून लोक आमच्या चाव्या फिरवण्याकडे सहनशीलतेने बघतात.

चित्रपटाच्या धंद्यातलं तुमचं काम त्यामानाने कमी बोललं जातं. सतराव्या वर्षी, 1955 साली, व्ही. शांतारामांच्या ‘झनक झनक पायल बाजे’त एका प्रसंगाचं पार्श्वसंगीत तुम्ही केलंत. वसंत देसाईंच्या संगीताच्या शेजारी, हेही लक्षात घ्यावं. पुढे रेकॉर्डिंगला वाजवत राहिलात. त्या काळी सगळा वाद्यवृंद एकत्र वाजायचा. एकाची चूक झाली की अख्खा टेक पुन्हा. गायिकेची पट्टी अर्ध्या स्वराने सरकली तर व्हायोलिनवाले बोटं सरकवतात, संतूरवाल्याला मात्र चावी काढावी लागते आणि बाकीचे घड्याळ बघत बसतात. शिवाय सूर थांबवायला पेडल नाही. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलली की मागचे सूर त्यावर घुमत राहतात आणि बेसूर वाटतं. मग तळहात टेकवून तारा मुक्या करायच्या, नाहीतर इंटरल्यूडमध्ये, म्हणजे कडव्यांमधल्या वाद्यसंगीतात, अर्धा बार (तालाचं एक माप) रिकामा मागून घ्यायचा. चार बारांत काय वाजवायचं नाही, हे तुमच्या वादनातून शिकायला मिळतं.

म्हणूनच हरिजींबरोबर, म्हणजे बासरीवादक हरिप्रसाद चौरसियांबरोबर, शिव-हरी या नावाने चित्रपटांना संगीत दिलंत तेव्हाही तुम्ही आपल्या वाद्यांचा हट्ट धरला नाहीत. 1981 च्या ‘सिलसिला’पासून 1993 च्या ‘डर’पर्यंत आठच चित्रपट, त्यातले सात यश चोप्रांचे. संतूर आणि बासरीचे दोन बादशहा संगीतकार झाले की गाणीभर संतूर-बासरीच असेल असं वाटावं. ‘सिलसिला’तल्या ‘रंग बरसे’चं वजन मात्र ढोलकवर आणि कोरसवर आहे.

आणि या सगळ्याच्या मुळाशी तबला. तुम्ही वडिलांकडे, पंडित उमादत्त शर्मांकडे, आधी तबला आणि गायन शिकलात, संतूर नंतर हातात आलं. दोन्ही हातांना वेगवेगळं वजन देण्याची सवय तिथूनच कलमांत उतरली. ‘गाईड’मधल्या ‘मोसे छल किये जाय’चा तबला तुमचा आहे, हे नव्या विद्यार्थ्याला सांगितलं की आधी त्याचा विश्वास बसत नाही. मग आम्ही त्याच्या हातातली कलमं काढून घेतो आणि म्हणतो, आधी मांडीवर ठेका धरून दाखव.

आपले नम्र,
संतूर वाजवणारे आम्ही सगळे