नवी पिकअप लगेच उचलू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवीन पिकअप ट्रक घेणारे बरेच जण हल्ली पहिली सर्व्हिसिंग व्हायच्या आधीच गाडी लिफ्ट किट (गाडी जमिनीपासून उंच करणारे सुटे भाग) लावायला गॅरेजमध्ये नेतात आणि त्यांना कुणी थांबवतही नाही, म्हणून हे पत्र. माझं म्हणणं एवढंच की गाडी आधी आहे तशी काही हजार किलोमीटर चालवा, मग उचलायची का ते ठरवा.

पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरमध्ये इंजिनाच्या रिंगा, गिअर, डिफरन्शियलचे (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीचे) दात, ब्रेक पॅड हे सगळं एकमेकांत बसत असतं. या काळात एकाच स्पीडला तासन्तास गाडी पळवायची नाही, थंड इंजिनाला जोरात रेस द्यायची नाही, फुल लोड आणि ट्रेलर टाळायचा. इंजिन ऑइलची सगळ्यांना काळजी असते पण डिफरन्शियलचं ऑइल कुणाच्या डोक्यातच नसतं, नव्या गिअरचा बारीक धातूचा कीस त्यातही उतरतो, त्यामुळे जड ओझं ओढणाऱ्यांनी ते मुदतीच्या थोडं आधी बदललं तर फायदाच आहे.

आता मुख्य मुद्दा. नव्या गाडीत काही फॉल्ट असेल तर तो बऱ्याचदा याच सुरुवातीच्या काळात बाहेर येतो. स्टिअरिंग एका बाजूला ओढणं, ठराविक स्पीडला बॉडी थरथरणं, मागून घुंईं आवाज येणं. पण त्याआधीच तुम्ही गाडी उचलली असेल तर ही थरथर कंपनीची की लिफ्टची हे कुणी सांगायचं? कारण गाडी उचलली की प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो आणि त्यानंही अगदी अशीच थरथर येते. सर्व्हिस सेंटरवाला लिफ्टकडे बोट दाखवणार, लिफ्टवाला कंपनीकडे, आणि मधे गाडीमालक लटकतो. म्हणून किट लावायच्या आधी कुठल्या पार्टची वॉरंटी राहते आणि कुठल्याची जाते ते लेखी घ्या, इन्शुरन्सवाल्यालाही कळवा, तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

आणि लिफ्टनं काय मिळतं तेही नीट समजून घ्या. मागे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि सरळ एक्सल (दोन्ही चाकं जोडणारा अखंड आस) असेल तर सस्पेन्शन कितीही उचला, डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून आहे तेवढाच राहतो, तो वर जातो फक्त मोठ्या टायरनं, तेही वाढलेल्या व्यासाच्या निम्मा. ३१ इंचाचे काढून ३३ चे टायर टाकले तर एक इंच. त्या बदल्यात स्पीडोमीटर साधारण ६ टक्के कमी दाखवायला लागतो, गाडी वेग घ्यायला मंदावते, ब्रेकवर ताण वाढतो. लोड उचलायची क्षमता तर अजिबात वाढत नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं कारण उंच दिसणारी गाडी जास्त माल नेईल असं लोकांना खरंच वाटतं. उलट गुरुत्वमध्य वर गेल्यानं वळणावर गाडी जास्त झुकते.

तरी खडकाळ रस्त्यामुळे उचलायचीच असेल तर पूर्ण काम करा. पुढे नुसते स्पेसर (उंची वाढवायला मधे घालायचे ठोकळे) टाकून सोडून दिलं की सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद देणारा सांधा) आणि बॉल जॉइंट (चाक वळवू देणारा सांधा) वाकड्या कोनात फिरत राहतात, आधी रबर बूट फाटतो, मग ग्रीस जातं, मग जॉइंट. ब्रेकचे होज आणि एबीएसच्या वायरी सस्पेन्शन पूर्ण खाली लटकल्यावर ताणल्या जात नाहीत ना ते गाडी जॅकवर घेऊन बघा. मागचे जुने यू-बोल्ट (पाटे आणि एक्सल आवळून धरणारे) पुन्हा वापरू देऊ नका. व्हील अलाइनमेंट लगेच, हेडलाइटचा झोत खाली (समोरच्याचे डोळे दिपतात हो!), कॅमेरा-रडार असेल तर त्याचं कॅलिब्रेशन (नव्या उंचीनुसार पुन्हा जुळवणी). चाकांचे नट शंभरेक किलोमीटरनंतर टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) पुन्हा तपासायचे, यू-बोल्ट काहीशे किलोमीटरनंतर, ही तपासणी तर निम्मे लोक विसरतात.

तुमच्या वाहन पुरवणीत नव्या गाड्यांचे फीचर्स आणि लूकबद्दल भरपूर येतं. त्यातली थोडी जागा कमी करून पहिल्या वर्षाच्या देखभालीवर एखादं सदर सुरू करा, आणि ते रोज गाडीखाली झोपून काम करणाऱ्या अनुभवी मेकॅनिककडून लिहून घ्या अशी मनापासून विनंती.

आपला,
एक पिकअपवाला वाचक