कटरचा पुढचा गार्ड काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उद्यमनगरात माझं पेट्रोलवरची छोटी मशिनं दुरुस्त करायचं दुकान आहे. पूर्वी फवारणी पंपच जास्त यायचे, आता चेनसॉ, म्हणजे झाडं कापायचे कटर, त्यांच्या बरोबरीनं येतात. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडचे शेतकरी आणतात, शहरात छाटणीची कामं घेणारेही आणतात. वळवाचा एखादा तडाखा बसला, रस्त्यावर गुलमोहर आडवे झाले, की दुसऱ्या दिवशी दुकानापुढं रांग लागते. या मशिनच्या एका भागाबद्दल लिहायचं आहे.

पुढच्या मुठीपुढं तळहाताएवढा एक गार्ड उभा असतो. माझ्याकडं येणाऱ्या कित्येक मशिनांना तो नसतोच. विचारलं तर, "मधी येतंय ओ ते, काढून टाकलं." फांद्या हाताला लागू नयेत म्हणून कंपनीनं दिलेलं काहीतरी, असाच बहुतेकांचा समज. पण तो चेनच्या ब्रेकचा दांडा आहे. बारच्या, म्हणजे चेन ज्या लांब पट्टीभोवती फिरते तिच्या टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला नुसता टेकला, तरी अख्खं मशिन वर आणि मागं, थेट तोंडाकडं उसळतं. चेन सेकंदाला साधारण २० मीटर पळत असते, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या आसपास. डोळ्यांनी पाहून हात आवरण्याइतका वेळ मिळतच नाही. अशा वेळी मनगट गार्डवर आपटतं, किंवा झटक्यानं गार्ड आपणच पुढं पडतो, आणि चेन जागीच थांबते. गार्ड काढला की ब्रेकही गेला. ज्यांचा गार्ड शाबूत असतो त्यांच्यातही काहींच्या ब्रेकच्या पट्ट्यात भुसा आणि तेल इतकं घट्ट बसलेलं असतं, की ब्रेक लागतच नाही. कव्हर काढून ब्रशनं साफ करायला असा कितीसा वेळ लागतो?

दुसरी मागणी हमखास असते ती रेस वाढवून द्यायची. "सोडलं की बंद पडतंय, जरा रेस चढवा." रेस चढवली की मशिन बंद पडत नाही हे खरं, पण मग बोट काढल्यावरही चेन फिरतच राहते, आणि माणूस ते तसंच मांडीजवळ धरून पुढच्या झाडाकडं चालायला लागतो. बोट काढलं की चेन थांबलीच पाहिजे. बंद पडत असेल तर एअर फिल्टर बघा, प्लग बघा, पेट्रोलमध्ये ऑइल किती घातलंय ते पुस्तिकेत बघा. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या आठांचा फिल्टर भुशानं गच्च भरलेला असतो.

झाडावर चढून कापणाऱ्यांबद्दल मात्र मला भीतीच वाटते. रेन ट्रीच्या शेंड्यात दोरानं मशिन वर ओढून घ्यायचं, एका हातानं फांदी धरायची आणि दुसऱ्या हातानं कापायचं, असं शहरात सर्रास दिसतं. मोठं मशिन दोन्ही हातांनीच धरायचं असतं, डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून वळवून, आणि खांद्याच्या वर कधीच न्यायचं नाही. शिडीवरून तर नकोच. उंचावरच्या बारक्या फांद्यांना आपली जुनी हातकरवत आणि कोयता काय वाईट आहे? वेळ जास्त जातो, कंत्राटदार कुरकुरतो, एवढंच.

वाऱ्यानं पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा फसवं. भिंतीवर किंवा गाडीवर टेकलेलं खोड कुठंतरी ताणलेलं असतं, कुठंतरी दाबलेलं. आधी दाबलेल्या बाजूनं थोडा काप घ्यायचा आणि मग ताणलेल्या बाजूनं तोडायचं. उलट केलं तर बार अडकतो, नाहीतर खोड फाटून उसळतं. मुळासकट उपटलेल्या झाडाचं खोड कापलं की बुंधा मातीसकट परत खड्ड्यात उभा राहू शकतो, आणि गंमत बघायला जमलेली पोरं नेमकी त्याच खड्ड्याच्या काठावर असतात. फांदीत तार अडकली असेल तर महावितरणचा माणूस येऊन वीज बंद केल्याचं सांगेपर्यंत मशिन चालू करायची दोरीसुद्धा ओढू नये.

आणखी एक, खास आपल्या शहराचं. क्लासच्या, फ्लॅटच्या जाहिरातींचे पत्रे ठोकलेले खिळे झाडांच्या पोटात राहिलेले असतात. वरून साल चढलेली, बाहेरून काही दिसत नाही. चेन खिळ्यावर गेली की दात उडतात, कधी चेनच तुटते. तुटलेली चेन हातावर येऊ नये म्हणून बारच्या बुडाशी एक छोटा खुंट दिलेला असतो. तोही तुटलेला असला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर ओंडके कापून आलेल्या चेन मी पाहिल्या आहेत. लाकडात बसलेल्या वाळूनं दात गोल झालेले. बोथट चेन भुकटी पाडते, धारदार चेन कपच्या काढते. भुकटी दिसायला लागली की लोक जोर लावून दाबतात, आणि घसरून अपघात होतो तो तिथंच.

हेल्मेट, डोळ्यांवर जाळी, कानाला मफ, जाड बूट, आतून लांब धाग्यांचे थर असलेली पँट (चेन लागली की धागे चाकात गुंततात आणि चेन अडते) हे सगळं हवंच. पण रोजंदारीवरचा माणूस ते स्वतःच्या पैशानं घेणार नाही, हे मलाही कळतं. ते काम देणाऱ्यानं द्यायचं. निदान गळ्यातला टॉवेल आणि पायातली स्लीपर तरी काढायला सांगा.

१९७५ च्या कायद्याप्रमाणं शहरात झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्या परवानगीच्या कागदावर दोन अटी छापाव्यात: मशिनला गार्ड आणि चालू ब्रेक असावा, आणि कापणाऱ्याला हेल्मेट, जाळी व बूट काम देणाऱ्यानं पुरवावेत. ब्रेक तपासणं घरमालकालाही जमेल. मशिन बंद असताना गार्ड पुढं ढकलायचा, टक् असा आवाज येतो. मग हातमोजा घालून चेन ओढून बघायची. हलली तर त्या दिवशी काम करायचं नाही. भाड्यानं मशिन देणाऱ्यांनीही गिऱ्हाइकासमोर एवढं करून दाखवावं.

माझ्याकडं गार्ड नसलेलं मशिन आलं तर गार्ड बसवल्याशिवाय मी चेनला धार लावून देत नाही. काहीजण चिडून दुसरीकडं जातात. पावसाळ्याआधीच्या छाटणीची कामं आता निघतील, त्याआधी महापालिकेनं या अटींचा विचार करावा, ही विनंती.

आपला,
एक मशिन दुरुस्तीवाला
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर